सुरकुतीच्या आत

कुत्र्याच्या तोंडात हात घालायची डॉक्टरीणबाईंना कधीच किळस वाटली नव्हती. बावीस वर्षं त्यांचा जनावरांचा दवाखाना होता, आणि सुट्टीच्या दिवशी जातिवंत कुत्र्यांच्या प्रदर्शनात त्या परीक्षक म्हणून उभ्या राहायच्या. दात मोजायचे, जबडा जुळतो का बघायचा, कवटीवरून शेपटीपर्यंत तळवा फिरवायचा. डोळ्यांपेक्षा बोटांवर त्यांचा भरवसा जास्त. ‘बाईंच्या बोटांना फसवणारा अजून जन्माला यायचाय,’ असं कुत्रेवाले म्हणायचे. बाईंना ते ऐकायला आवडायचं.

त्या रविवारी खेळाच्या बंदिस्त हॉलमध्ये हिरवा गालिचा अंथरला होता. केस वाळवायची यंत्रं घोंघावत होती. सुरकुतलेल्या तोंडाच्या कुत्र्यांचा गट रिंगणात आला. या जातीला चेहऱ्यावर जितक्या वळ्या तितके गुण जास्त, पण वळी डोळ्यावर आली की कुत्रं बाद. वळ्यांच्या खाचांत पिवळट, चिकट मळ साचतो आणि त्याला आंबलेल्या लोण्यासारखा वास येतो. बाई सवयीनं बोट आत सरकवत होत्या.

पहिल्याच कुत्रीच्या डाव्या डोळ्याखाली बोट अडखळलं. वळीच्या आत एक बारीक, टणक रेघ होती. बोटभर लांब आणि सरळ.

कातडी सरळ रेषेत वाढत नाही. सरळ रेघ सुरीचीच असते.

दुसऱ्या कुत्र्याला तीच रेघ. तिसऱ्यालाही. बाईंनी यादी पाहिली. तिघांचा मालक एकच, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. आणि तिघंही सरदारच्या वंशातले.

ती जागा बाईंच्या बोटांच्या ओळखीची होती. नऊ वर्षांपूर्वी सरदार, मास्तरांचा लाडका कुत्रा, वळी डोळ्यावर आल्यामुळे बाद होणार होता. मास्तर हातापाया पडले. बाईंनी दवाखान्याचं शटर अर्धं ओढून त्याच्या गालाची दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि वळीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी, काळ्या दोऱ्यानं सात टाक्यांत शिवण घातली. पाचव्या टाक्याला हात घसरला म्हणून त्यावर दोनदा गाठ मारली. पट्टी बादलीत गेली. पुढच्या वर्षी त्याच हातांनी त्याच गालावरून तळवा फिरवून सरदारला पहिला नंबर दिला. हे दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मग मास्तरांनी सरदारला त्याच्याच लेकींवर घातलं, पुढे नातींवर. ‘रक्त घट्ट होतं,’ म्हणायचे.

बाईंनी मास्तरांना खुर्च्यांच्या मागे गाठलं.

“कुणाकडून शिवून घेतलंत हे?”

“कुणाकडून नाही.”

“मास्तर, मला शिकवू नका.”

“सरदारच्या अंगाला एकदा सुरी लागली, ती तुमची,” मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “नंतर कुणीच हात लावलेला नाही. खोटं वाटत असेल तर घरी चला. एक कुत्री आज विते आहे. पिल्लू बाहेर पडताना तर मी सुरी घेऊन बसलेलो नसतो ना?”

तीन कुत्री बाद करून बाई मोकळ्या झाल्या असत्या. पण चौकशी झाली असती, आणि चौकशीचा धागा सरदारपर्यंत गेला असता. त्यांनी निकालाच्या कागदावर सही केली आणि मास्तरांच्या गाडीत बसल्या.

घराच्या मागच्या खोलीत दुपारचं लख्ख ऊन होतं. फरशी धुतलेली, भिंतीवर सरदारचे फोटो, कोपऱ्यात लाकडी खोका आणि खोक्यात जुन्या चादरींवर धापा टाकणारी कुत्री. मास्तरांची बायको गरम पाण्याचं घमेलं ठेवून गेली. आत थांबली नाही. जाताना एवढंच म्हणाली, “मी यांना मागच्या वेतालाच सांगितलं होतं, आता पुरे करा.”

पहिलं पिल्लू आलं. कुत्रीनं त्याच्याभोवतीची पिशवी फाडून ते चाटून घेतलं. बाईंनी ते उचलून वळी उलगडली. पांढरी, जुनी, कधीच भरून आलेली रेघ. पिल्लाचं वय दोन मिनिटं.

“जन्मजात दोष असेल,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पुढचं पिल्लू त्यांच्या हातात ठेवलं.

दुसऱ्याची रेघ गुलाबी होती. महिन्याभरापूर्वी टाके काढावेत तशी. तिच्या दोन्ही बाजूंना सुईची बारीक भोकं होती. बाईंनी मोजली. सात जोड्या.

तिसरं पिल्लू बाईंनी स्वतःच उचललं. वळीत काळे टाके होते. ओले, चिकट, नुकते घातल्यासारखे. पाचव्यावर दोन गाठी.

त्यांनी कात्री घेतली, एक टाका कापला. पिल्लू किंचाळलं. दोऱ्याच्या कापलेल्या टोकातून रक्ताचा थेंब आला.

“नका हो कापू,” मास्तर म्हणाले. “दुखतं त्यांना. मीही करून बघितलंय.”

चौथ्याचा गाल उघडा होता. पट्टी नुकती काढल्यासारखा लालभडक, कडा स्वच्छ. बाईंना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी येत होतं ते केलं. सुई ओवली आणि शिवलं. सात टाके. पाचव्याला पुन्हा हात घसरला आणि त्यावर दोन गाठी माराव्या लागल्या.

त्यांनी हातमोजे काढायला घेतले.

“थांबा,” मास्तर म्हणाले. “पोटात अजून आहे काहीतरी.”

कुत्रीनं कळ दिली.

पिशवी लहान होती. चपटी. आतून काही वळवळत होतं. कुत्रीनं ती हलकेच फाडली.

आत पिल्लू नव्हतं.

दोन बोटं रुंद, बोटभर लांब कातड्याची पट्टी होती. एका बाजूला मऊ, ओले केस. दुसऱ्या बाजूला उघडं मांस. मधोमध नाळ.

ती गरम होती. वर-खाली होत होती. श्वास घेतल्यासारखी.

त्यातून तोच आंबलेल्या लोण्याचा वास येत होता. बाई घमेल्यावर वाकल्या आणि ओकल्या.

“टाकून द्या ते,” त्या कशाबशा म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता टाकून द्या.”

“एकदा टाकलंच होतंत ना तुम्ही,” मास्तर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी नाळ कापली.

कुत्रीनं ते चाटून चाटून कोरडं केलं. मग नाकानं बाकीची चारही पिल्लं बाजूला ढकलली आणि ते आपल्या सगळ्यात भरलेल्या आचळाशी नेलं. ते चिकटलं. खोलीत दूध ओढल्याचा बारीक आवाज येऊ लागला.

बाई चालत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षकपदाचा राजीनामा पाठवला. कारण लिहायच्या जागी ‘तब्येत’ असं लिहिलं. दवाखान्यात मांजरं, गाई, पोपट तपासले. कुत्र्यांना दुसरीकडे पाठवलं. दिवसातून दहादा हात धुवायच्या, तरी जेवायला चमचा घ्यायच्या. ती पट्टी दोन दिवसांत मेली असेल, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. मेलीच असेल. तिला पोट नाही, तोंड नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी मास्तरांच्या बायकोचा फोन आला.

“बाई, हे सांगायला नको म्हणत होते. पण तुम्हाला कळायला हवं. पिल्लांनी आज डोळे उघडले.”

बाई हायसं वाटून खुर्चीत बसल्या. “चांगलं झालं. चौघांनीही?”

पलीकडे तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“पाचही जणांनी,” ती म्हणाली.