पुन्हा एकदा बघून येते

कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये बूट धाडधाड आपटत होते आणि नोरीनचं डोकं त्याहून जास्त ठणकत होतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या त्या एवढ्याशा गावात बर्फाळ पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कपडे धुवायला ती लॉन्ड्रीत आली, तर तिथंही शांतता नाही.

“माफ कर हं… बूट माझेच,” मागून आवाज आला.

ती वळली. नुसत्या मोज्यांवर उभा एक तरुण, हातात पॉपकॉर्न. आणि डोळे… थेट तिच्या डोळ्यांसमोर. नोरीन स्वतः सहा फूट. धंद्याची खोड कुठली जाते! तिने सरळ त्याच्या खांद्याला खांदा लावून पाहिला.

“तू क्विन्सी टालबर्ट. कॉलेजच्या माहितीपत्रकात सहा फूट तीन इंच आहेस.”

“ते बूट घालून.”

“एवढे जाड बूट?”

“बाकीची प्रशिक्षकांची माया,” तो हसला. “माप घेतेस म्हणजे… शिंपीण की स्काउट?”

“स्काउट.”

त्याचं हसू जरा ओसरलं. मग त्याने पिशवी पुढे केली. “पॉपकॉर्न घे. लाच समजू नकोस.”

तिने मूठभर घेतले. एका व्यावसायिक बास्केटबॉल संघासाठी गावोगाव हिंडून पोरं पारखायची, हे तिचं काम. मोटेलच्या गाद्या आणि कडवट कॉफी यांनी ती पार पिचून गेली होती. जूनच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, क्विन्सीला निवडावं की नाही, ते तिने सांगायचं होतं. कॉलेजातलं त्याचं हे शेवटचं वर्ष, आणि या आडगावी दुसरा कुठलाच स्काउट फिरकत नव्हता.

संध्याकाळी तिने त्याला खेळताना पाहिलं. संघाचा खेळ चालवणारा गार्ड तो. इतरांना भिंत दिसायची तिथं त्याला फट दिसायची. पण डावीकडे वळवला की चेंडू अडलाच, आणि चपळ पोरं त्याला सहज ओलांडून जायची. मध्यंतरालाच नोरीनला कळून चुकलं, व्यावसायिक संघात हा टिकणार नाही.

तरी तिने साहेबांना फोन केला, “पुन्हा एकदा बघून येते.”

पुढच्या आठवड्यात आली. त्याच्याही पुढच्या. सामना संपला की दोघं कोपऱ्यावरच्या खाणावळीत बसायची. पावाबाहेर चहूकडून लोंबणारं तळलेलं मांस अर्धं अर्धं वाटून खायची.

“सामनाभर माझ्याकडेच बघत होतीस.”

“त्याचा पगार मिळतो मला.”

“आणि आत्ता?”

नोरीनने पाव उगाचच सरळ केला. “आत्ता… फुकट.”

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी तिने साहेबांना सांगून टाकलं, “हा खेळाडू माझ्याकडून काढून घ्या. माझं मन त्याच्यात गुंतलंय.”

“दुसरं कोण जाणार तिकडं? खरं ते लिही, नाहीतर त्याचं नाव गाळतो,” साहेब म्हणाले.

इकडे आड, तिकडे विहीर. तिने खरं ते लिहिलं.

दुपारी कॉलेजच्या रिकाम्या बास्केटबॉल कोर्टवर तो एकटाच डाव्या हाताने चेंडू आपटत होता.

“मी नको म्हणून लिहिलंय, क्विन्सी,” ती म्हणाली. “तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.”

चेंडू हातातून निसटला, घरंगळत गेला. त्याने आणला नाही.

“डावा हात?”

“हो. आणि पायांचा वेग.”

तो बाकावर बसला. “आई, प्रशिक्षक, अगदी न्हावीसुद्धा… सगळे म्हणतात, यंदा नक्की. थकलो गं ते ऐकून.” त्याने बाकावरचा टॉवेल उचलला. “आपल्यात हे… काही नसतं, तरी हेच लिहिलं असतंस?”

“काही नसतं तर पहिल्याच मध्यंतरात लिहून मोकळी झाले असते. परत परत आले ते माझं चुकलंय असं दिसावं म्हणून. दर सामन्याला वाटायचं, आज हा मला खोटं पाडेल.” ती एक पाऊल पुढे आली. “प्रेम करते रे तुझ्यावर. पण खोटं नाही लिहिता आलं.”

क्विन्सीने टॉवेलात तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलत राहिले. नोरीनने बॅग खांद्याला लावली.

“शनिवारी शेवटचा सामना आहे,” टॉवेलाआडून आवाज आला.

“माझं काम संपलंय, क्विन्सी.”

“म्हणूनच ये म्हणतोय.”

तिने बॅग खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली.