वाघाच्या बेटावर पेटवलेला पितळी स्टोव्ह

ही हकिकत कोणी खरी मानणार नाही, हे श्यामराव आधीच सांगून टाकतात. न मानणाऱ्यांबद्दल त्यांची तक्रारही नसते. ज्या माणसांनी जन्मभर बटण दाबून चहा केला, त्यांना विस्तव म्हणजे काय हे कळावं तरी कसं!

त्या रविवारी कोलकात्यात, त्यांच्या बालीगंजच्या फ्लॅटमध्ये ऐकायला दोघंच होते. एक चारुदत्त, लष्करातला, फोर्ट विल्यमला नुकतीच बदली होऊन आलेला. आणि दुसऱ्या कुसुमताई, श्यामरावांच्या पत्नी, मांडीवर ताट घेऊन गवारीच्या शेंगा मोडत बसलेल्या. मोहिमेवर प्रत्यक्ष बरोबर असलेल्या सलील-मंजुषाला जेवायचं आमंत्रण नव्हतं. साक्षीदार हजर असले की गोष्टीत सारखं तोंड घालतात, असं श्यामरावांचं मत होतं.

मोहिमेचा हेतू सरळ होता. हुगळी जिथे समुद्राला मिळते, तिथून पूर्वेला जंगलालगत एक वाळूचं बेट आहे. भरतीला बुडतं, ओहोटीला वर येतं. पाडव्याच्या दिवशी त्या बेटावर गुढी उभारायची, आणि नैवेद्याची पुरणपोळी तिथेच, बोटीवर, स्वतः करायची. घरून डबा नेला की ती मोहीम नाही, सहल! बोट सलीलची होती. सलील एका आयटी कंपनीत कसलातरी मॅनेजर. त्याने जुनी शिडाची बोट विकत घेतली आणि तेव्हापासून तो स्वतःला दर्यावर्दी समजू लागला. बोटीला छोटीशी केबिन, एक डोलकाठी, दोन शिडं आणि चूल मांडायला हातभर जागा.

त्या हातभर जागेवरून पहिलं युद्ध पेटलं.

"काका, मी छोटा गॅसचा सिलिंडर घेतो," सलील म्हणाला. "झटपट काम."

"घे की!" श्यामराव म्हणाले. "गॅस हवेपेक्षा जड असतो, हे तुझ्या कंपनीत शिकवत नसतील. घरात गळला तर खिडकी उघडता येते. बोटीच्या पोटाला खालून खिडकी असते का रे? तो तळाशी जाऊन बसतो आणि वाट बघतो. मग कोणीतरी काडी ओढतो, आणि नैवेद्य थेट स्वर्गात पोचतो. आपल्यासकट!"

सलीलची बायको मंजुषा बोट त्याच्यापेक्षा बरी चालवायची, पण तिची निवड आणखी हीन निघाली. तिने आणली पांढरी, चपटी, स्पिरिटची चूल. पंप नाही, आवाज नाही, उन्हात ज्योतही दिसत नाही. "पेट घेतला तर पाण्याने विझते, काका," ती म्हणाली. बँकेत नोकरीला असताना श्यामराव खोट्या नोटेकडे बघायचे, तसं त्यांनी त्या वस्तूकडे बघितलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला दिवा! त्यावर दाढीचं पाणी कोमट होईल. चण्याची डाळ शिजेपर्यंत पुढचा पाडवा येईल!

आणि मग त्यांनी स्वतःचं रत्न बाहेर काढलं. कुसुमताईंच्या माहेरचा पितळी पंपाचा स्टोव्ह. तीन पाय, पोटात दीड लिटर रॉकेल, पेटला की शेजारच्या इमारतीतली कुत्री गप्प होतात असा आवाज. गेली वीस वर्षं तो बाल्कनीत पडून होता, आणि तेवढीच वर्षं कुसुमताई तो भंगारात द्या म्हणत होत्या. या वेळी त्यांनी अटच घातली होती: "पाडव्याची पोळी यावर झाली तर राहू दे. नाही झाली, तर भंगारवाल्याला मी स्वतः हाक मारीन. मग मधे बोलायचं नाही."

म्हणजे वाघ, वादळ, वाळू हे सगळं बाजूलाच. श्यामराव निघाले होते ते त्या स्टोव्हचा जीव वाचवायला.

रॉकेल मिळवण्यासाठी ते बागबाजारात तीन दिवस हिंडले. मिळालं ते चार पदरी फडक्यातून गाळलं, कारण पाण्याचा एक थेंब गेला तरी बर्नर थुंकू लागतो. स्टोव्ह तापवायला स्पिरिट, स्पिरिटमध्ये भिजवायला काकडा, ओतायला नरसाळं. आणि पिन! पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला केसासारखी तार. बर्नरच्या भोकात काजळी बसली की ही तार आत घालायची; तिच्याशिवाय अख्खा स्टोव्ह म्हणजे पितळेचा गोळा. कोलकात्यातल्या दुकानदारांनी पिन हा शब्द ऐकून साडीच्या पिना पुढे केल्या. मूर्ख कुठले! सबंध शहरात एकच पिन उरली होती आणि ती श्यामरावांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

"खिशात?" कुसुमताईंनी विचारलं.

"खिशात," श्यामराव म्हणाले. "छातीशी."

कुसुमताईंनी पुढची शेंग मोडली.

बागबाजारच्या घाटावरून सकाळच्या ओहोटीबरोबर बोट सुटली. बरोबर हराधन माझी, नदीवर केस पिकलेला नावाडी. "बाबू, तुम मराठा लोग?" त्याने घाटावरच विचारलं. "तुम्हारे डर से हमलोग इधर खंदक काटा था।" श्यामराव म्हणाले, अर्धाच खणून सोडलात, कामाची चिकाटी तेव्हाही नव्हती! डोलकाठी आडवी करून बोट हावड्याच्या पुलाखालून गेली, फोर्ट विल्यमची हिरवळ डावीकडे सरली, कारखान्यांची धुराडी मागे पडली आणि नदी रुंद होत गेली. काठ इतके लांब गेले की झाडांची नुसती करडी रेघ उरली. पाण्याचा रंग चहासारखा, वास चिखलाचा. वारा मागून येत होता, शिडं पोट फुगवून निवांत होती, आणि श्यामराव केबिनच्या दारात बसून इतरांचं अज्ञान न्याहाळत होते.

डायमंड हार्बरला नांगर टाकल्यावर सलीलने पहिला पराक्रम केला. श्यामरावांची डुलकी लागलेली बघून त्याने चहा करायला घेतला. काकडा लावला नाही. बर्नर तापवला नाही. सरळ पंप मारत सुटला!

थंड बर्नरमधून रॉकेलची चिळकांडी उडाली. काडी लागली. भडका! ज्वाळा छताला लागली! पडदा पेटला!

"बाबू, ये स्टोव्ह नहीं, बोमा है!" म्हणत हराधनने चक्क पाण्यात उडी मारली.

श्यामराव उठले. चावी सैल केली, हवा सोडली, ओलं पोतं टाकलं. तीन हालचाली. मग सलीलकडे बघून एवढंच म्हणाले, "तू मॅनेजर आहेस ना? मग बसून राहा."

"सलीलच्या भुवया बऱ्या झाल्या का आता?" चारुदत्तने काळजीने विचारलं.

"उगवतायत," श्यामराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सागर बेट मागे पडलं आणि वायव्येचं आभाळ दौत सांडल्यासारखं झालं. चैत्रात बंगालवर जी वादळं येतात, त्यांना लोक कालबैसाखी म्हणतात. ती आली! वारा कानाखाली मारल्यासारखा आला. शिड फाटलं. सुकाणू सलीलच्या हातून निसटलं. मंजुषाने ते धरलं. बोट आडवी झाली. डोलकाठीचं टोक पाण्याला लागलं!

आणि केबिनमध्ये श्यामराव पुरण घाटत होते.

कारण त्यांनी स्टोव्ह खाली ठेवलाच नव्हता. तो लामणदिव्यासारखा तीन साखळ्यांनी छताच्या तुळईला टांगला होता. बोट डावीकडे गेली, स्टोव्ह सरळ. बोट उजवीकडे गेली, स्टोव्ह सरळ. बोट एकदा पूर्ण उलटी होऊन परत सुलटी झाली, तरी...

"पूर्ण उलटी?" चारुदत्त म्हणाला.

"पूर्ण. पुरणाचा एक कण सांडला नाही. गोल फिरल्यामुळे उलट एकजीव झालं."

तास-दीड तासाने वादळ गेलं. शिडाच्या चिंध्या गोळा करून, उरलेल्या लहान शिडावर बोट हळूहळू पूर्वेला सरकत राहिली. पाडव्याच्या सकाळी ती बेटाच्या कडेला लागली आणि ओहोटी होताच वाळूत रुतून बसली. पलीकडे शंभर हातांवर खारफुटीचं जंगल, चिखलातून वर आलेल्या हजारो टोकदार मुळ्या आणि एक विचित्र शांतता. पाखरूही बोलत नव्हतं. मंजुषाने वेताच्या काठीला रेशमी खण बांधला, वर तांब्या पालथा घातला, कडुलिंबाचा डहाळा लावला. सलीलने गुढी वाळूत रोवली. राहिली फक्त पोळी. तासाभरात भरती येणार, बेट बुडणार. श्यामरावांनी काकडा लावला, बर्नर तापवला, पंप मारला.

फुस्स!

ज्योत नाही. बर्नरच्या भोकात काजळी! तेवढ्यात हराधनने बोट दाखवलं. पाण्यातून एक डोकं येत होतं. पिवळं. पट्ट्यांचं. डोक्यामागे आठ हात लांब पाठ!

वाघ वाळूवर चढला. अंग झाडलं. बोटीकडे चालू लागला.

"काका, तो पांढरा स्टोव्ह पेटवू का?" मंजुषा कुजबुजली.

"त्याने वाघाला काय करणार? शेक देणार?" श्यामराव म्हणाले. अशा क्षणीही त्यांना त्या चपट्या चुलीबद्दल आदर वाटेना. त्यांनी खिशात हात घातला. पिन काढली. वाघ वीस पावलांवर. तार भोकात घातली. दहा पावलांवर. एक झटका! काजळी उडाली! पंप! पंप! पंप!

भर्रर्रर्र!

निळी ज्योत हातभर वर गेली. त्या आवाजाने जंगलातल्या पाखरांचे थवेच्या थवे उठले. वाघ जागच्या जागी बसला, पाळलेल्या मांजरासारखा. मग त्याच्यासमोर श्यामरावांनी सात पोळ्या लाटल्या, भाजल्या, गुढीला नैवेद्य दाखवला, आणि आठवी वाघापुढे टाकली. वाघाने वास घेतला. श्यामरावांकडे बघितलं. सलील तूप घरीच विसरला होता. तूप नाही हे लक्षात येताच वाघाने अशा काही तुच्छतेने मान फिरवली की तेवढ्यासाठी श्यामरावांना तो जनावरांतला एकमेव शहाणा वाटला. मग तो आल्या वाटेने पोहत निघून गेला.

"पण जिंकण्याची किंमत द्यावीच लागते," श्यामरावांनी आवाज खाली आणला. "भरती आली, बोटीला हिसका बसला, आणि पिन माझ्या हातून निसटली. शहरातली शेवटची पिन, चारुदत्त! आज ती बंगालच्या उपसागराच्या तळाशी आहे. म्हणून आता स्टोव्ह पेटवून दाखवता येत नाही. पण अट पुरी झाली. स्टोव्ह राहतो."

चारुदत्तने बाल्कनीतल्या पितळी स्टोव्हकडे बघितलं आणि नकळत मान लववली.

कुसुमताईंनी शेंगांचं ताट खाली ठेवलं. उठल्या, आत गेल्या, सुईदोऱ्याचा डबा घेऊन आल्या. झाकण काढलं. रिळांच्या खालून पत्र्याची एक पट्टी उचलली, टोकाला केसासारखी तार, आणि ती चारुदत्तच्या पुढ्यात ठेवली.

"निघायच्या आदल्या दिवशी सदरा धुवायला टाकला, तेव्हा खिशातून निघाली," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे वाट बघतेय, तुम्ही काय सांगताय त्याची."

श्यामरावांनी सदऱ्याचा खिसा चाचपला.

"मग पोळ्या..." चारुदत्तने हळूच विचारलं, "पोळ्या कशावर झाल्या, काकू?"

"मंजुषाच्या त्या पांढऱ्या चुलीवर! तिनेच फोनवर सांगितलं. म्हणाली, काकांनी पाच खाल्ल्या आणि सहावी मागितली." कुसुमताईंनी बाल्कनीचं दार उघडलं. खालच्या गल्लीत कोणीतरी हातगाडी ढकलत जुनं लोखंड-पितळ मागत होतं. "साफ खोटं बोलताय हो तुम्ही! अहो, पिन नसताना तो स्टोव्ह म्हणजे पितळेचा गोळा. हे आत्ता कोण म्हणालं?"