चष्मेवाल्याचे प्रश्न

वर्ग सुरू व्हायला दहा मिनिटं, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंच्या चष्म्याची काडी हातात आली! वर्गाच्या खोलीखालीच चष्म्यांचं दुकान होतं, पण दोन वर्षांत तिची पावलं तिकडे कधी वळली नव्हती. आज ती धावतच आत शिरली.

चष्मेवाल्याने मान खाली घालून एवढासा स्क्रू बसवला, काचा पुसल्या, आणि चष्मा हातात देण्याऐवजी अलगद तिच्या कानांवर चढवला. समोरचा धूसर चेहरा एकदम स्पष्ट झाला... आणि तिच्या छातीत धडधडलं. उगाच कशाला लपवा?

"बाई, एक काम होतं," तो चाचरत म्हणाला. "मला प्रश्न विचारायला शिकवाल? इंग्रजीत?"

आठ दिवसांनी दुसऱ्या शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात त्याची परीक्षा होती. फक्त इंग्रजी बोलणारा पेशंट समोर बसवणार, आणि याने त्याला विचारून विचारून चष्म्याचा नंबर काढायचा. जमलं तर नोकरी पक्की.

तो रोज चार वाजता वर येऊ लागला.

"यू कॅन सी?" तो सूर चढवून विचारी.

"नुसता आवाज चढवून नाही भागत," ती हसे. "'कॅन'ला पुढे आणा. कॅन यू सी?"

"आणि 'कॅन' नसलाच तर?"

"तर 'डू'ला मदतीला बोलवा. डू यू सी धिस लाइन? आणि 'व्हेन', 'व्हेअर' आले की ते सगळ्यांच्या पुढे. मग 'डू', मग माणूस."

"माणूस इतका मागे?"

"प्रश्नात," ती म्हणाली, आणि उगाचच वही चाळू लागली.

चौथ्या दिवशी तिने नवा प्रकार काढला. "इट इज क्लिअर, इझन्ट इट?"

त्याने पेन खाली ठेवलं. "हा नको."

"अहो, पुस्तकात आहे!"

"असेल. पण 'आता स्पष्ट दिसतंय, हो ना?' असं विचारलं, की पेशंट भिडेखातर हो म्हणतो. मग तो चष्मा लावून जिन्यावर धडपडतो. आपल्या मनातलं उत्तर समोरच्याच्या तोंडी घालायचं नाही, हे मला या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवलंय. विचारायचं आणि गप्प बसायचं."

गप्प बसल्यावर या माणसाच्या मनात काय चालत असेल? या एका विचाराने तिला पछाडलं. घरी धाकट्या बहिणीने नेम धरलाच.

"ताई, तुझ्या चष्म्याचा स्क्रू हल्ली रोजच कसा गं ढिला होतो?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. काय करायचं ते तुलाच करायला हवं!"

पण करणार काय? ती जितकं चांगलं शिकवणार, तितका तो लवकर लांब जाणार. सातव्या दिवशी तिला राहवेना.

"निवड झाली तरी तुम्ही जाणार नाही... हो ना?"

त्याने वही मिटली. "असं विचारलंत, तर मी नाहीच जाणार."

तिला स्वतःचीच लाज वाटली. तो खरंच राहिला असता, तिच्या एका शब्दाखातर! तिने पुस्तक पुढे ओढलं. "चला, पुन्हा पहिल्यापासून." त्या दिवशी तिने जीव तोडून शिकवलं.

परीक्षेनंतर तिसऱ्या दिवशी तो पत्र घेऊन जिना चढला. निवड झाली होती.

"अभिनंदन," ती म्हणाली, आणि डोळे भरून आले. तिने ते लपवलेही नाहीत.

तो पुढे आला. एकेक शब्द जपून ठेवत त्याने विचारलं, "व्हॉट... डू... यू वॉन्ट?"

दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मग तो गप्प उभा राहिला.

"तुम्ही जावं," ती म्हणाली. "पण मला सोडून जाऊ नये. माझं प्रेम बसलंय तुमच्यावर. मीही येते... इंग्रजी शिकणारी माणसं तिथेही असतीलच की."

तो मटकन विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला. "मला वाटलं होतं, तुम्ही नुसतं 'सुखी राहा' म्हणाल."

"तुम्ही का नाही बोललात मग?"

"मी बोललो असतो, तर तुम्हाला नाही म्हणणं जड गेलं असतं."

ती त्याच्या शेजारी बसली. जिन्यावर विद्यार्थ्यांची पावलं वाजू लागली होती.

"दुकान उघडं टाकून आलोय," तो म्हणाला. पण उठला मात्र नाही.