वेनिंगचं ‘नको’

तो उंच माणूस मिनीबसमध्ये वेनिंगच्या शेजारी येऊन बसला तेव्हा बाहेर पाऊस होता आणि त्याच्या हातातल्या उकडलेल्या शेंगांच्या पुडीतून वाफ येत होती. वेनिंगनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

“शेंगा खाणार?” त्यानं पुडी पुढे केली.

“नको, नको... असू दे,” ती हसून म्हणाली.

“बरं,” तो म्हणाला, आणि कोपेंग गाव येईपर्यंत त्यानं एकट्यानं पुडी संपवली.

आधी तिला वाटलं, थट्टा करतोय. मग वाटलं, चढण लागली की पुन्हा विचारेल. वेनिंग जन्मापासून सोलो शहरातली. तिथे समोरच्यानं आग्रह करायचा, आपण लाजायचं, त्यानं पुन्हा आग्रह करायचा, आणि मग केवळ त्याचं मन मोडू नये म्हणून आपण घ्यायचं. भुकेचा या व्यवहाराशी काही संबंध नसतो. या माणसाला कुणी काही शिकवलेलंच दिसत नव्हतं.

तो स्वतःच शिकवायला निघाला होता, हे कोपेंगला उतरल्यावर कळलं.

मेरबाबू डोंगराच्या उतारावर भरलेल्या त्या शिबिरात कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या मुलांना आठवड्याभरात उद्योजक बनवायचं होतं. मार्गदर्शक फुकट हवे होते, त्यामुळे ज्यांचा धंदा जोरात होता त्यांना सवड नव्हती; आले ते हे दोघं. वेनिंग बाटिकच्या उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या विकायची. शेंगावाला पार्लिन समुद्रापलीकडच्या मेदान शहरातला. तो कॉफी भाजून विकायचा. मेदानची माणसं पहिल्याच भेटीत अरे-तुरे करतात आणि साधं बोलली तरी भांडल्यासारखी वाटतात.

“तुझ्या पिशव्या महाग आहेत,” तो पहिल्याच दिवशी म्हणाला.

“तुमची कॉफी कडू आहे, बांग,” वेनिंग अदबीनं म्हणाली. बांग म्हणजे दादा. तिकडे बायका नवऱ्यालाही बांगच म्हणतात, त्यामुळे या शब्दावरून कुणालाच काही कळत नाही.

“कडूच असते ती! साखर हवी?”

“नको, नको...”

“बरं.”

पण दुसऱ्या दिवसापासून तो विचारेनासा झाला. तिचा कप समोर ठेवून सरळ निघून जायचा. न विचारल्यामुळे नको म्हणायची सोय उरली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वेनिंगला कॉफी गरम मिळू लागली. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, मुलं विकायला आलेपाक बरा की रताळ्याचे काप यावरून हमरीतुमरीवर यायची, आणि ती मान वर करायची तेव्हा तो नेमका दुसरीकडे बघायला लागलेला असायचा...

शुक्रवारी संध्याकाळी, ओल्या पायऱ्यांवर, त्यानं विचारलं.

“रविवारी शिबिर संपलं की माझ्याबरोबर सालातिगाला जेवायला येशील? दोघंच. विमान सोमवारचं आहे. नाहीतर मग संध्याकाळच्या बसनंच सेमारांगच्या विमानतळाकडे जाईन म्हणतो.”

वेनिंगला जायचंच होतं. तिनं नजर त्याच्यावरून हलवली नाही. पण तोंडानं जन्मभराची सवय पाळली.

“नको हो... तुम्हाला उगाच त्रास...”

ती थांबली. आता त्यानं ‘त्रास कसला?’ म्हणायचं होतं.

“बरं,” पार्लिन म्हणाला. मान झुकवली आणि गेला.

शनिवारी कॉफीचा कप आला, पण तो दुसऱ्याच कुणाच्या हातून. जेवायला तो लांबच्या बाकावर बसला. वागण्यात चीड नव्हती, टोमणे नव्हते. हेच जास्त वाईट होतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते; हा तिचा मान राखत होता.

रविवारी गावच्या सभागृहात मुलांनी दुकानं मांडली. वेनिंगच्या गटातल्या मुलींचे रताळ्याचे काप दुपारीच संपले. पार्लिनच्या गटातल्या मुलांचा आलेपाक होता तिथेच होता.

“चव घेऊन बघ,” तो तिच्याकडे येऊन वैतागून म्हणाला. दोन दिवसांतलं हे पहिलं वाक्य. “आलेपाक फक्कड आहे. पण हे गाव विचारलं की नको म्हणतं!”

“मग तुमची मुलं काय करतात?”

“आभार मानून बाजूला होतात. मीच सांगितलंय. नको म्हणणाऱ्याला छळायचं नाही.”

“त्या आजी बघा,” वेनिंग म्हणाली. “तुमच्या टेबलासमोर मघापासून उभ्या आहेत. पाय दुखत असतील बिचाऱ्यांचे.”

“त्यांनी नको म्हटलंय.”

“एकदा!”

पार्लिननं तिच्याकडे पाहिलं. मग आजींकडे गेला, वाकून पुन्हा विचारलं. आजी लाजल्या. त्यानं आणखी एकदा विचारलं. आजींनी त्याचं मन मोडू नये म्हणून चार पुडे घेतले.

तो परत आला तेव्हा चेहरा उतरला होता.

“म्हणजे पहिलं नको...?”

“रीत आहे.”

“आणि एखाद्याला खरंच नको असेल तर?”

“तो नजर चुकवतो. हवापाण्याचं बोलायला लागतो.”

पार्लिन बोटांवर दिवस मोजू लागला.

“शुक्रवारी तू नजर चुकवली नव्हतीस,” तो हळूच म्हणाला.

“नाही...”

“हवापाण्याचंही बोलली नाहीस.”

“पाऊस पडत होता तरी नाही, बांग.”

आता विचारेल, आता... वेनिंगनं बाटिकची ओढणी मुठीत धरली. बाहेर सेमारांगची बस येऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजला.

“मला नाही जमायचं, वेनिंग,” तो म्हणाला. “आलेपाक ठीक आहे. पण बाईनं एकदा नको म्हटल्यावर पुन्हा विचारणं... आमच्या घरात त्याला दांडगाई म्हणतात. आई मला फोडून काढेल.” त्यानं सॅक खांद्याला लावली. “सांभाळून राहा.”

तो दारापर्यंत गेला. आईनं, आजीनं, मावश्यांनी शिकवलेली सगळी अदब वेनिंगनं गिळून टाकली.

“मग विचारू नका!” ती भर सभागृहात ओरडली. “मीच सांगते. मला यायचंय!”

सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. सोलोची मुलगी ओरडल्याचं कोपेंगला कुणी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, जमीन दुभंगेल. पण जमीन तशीच होती.

पार्लिननं सॅक खाली ठेवली. मग त्या सॅकवरच बसला.

“हुश्श...” तो म्हणाला. “जेवायलाच ना?”

“आधी जेवायला.”

“आणि नंतर?”

“जेवताना बोलू. तुमच्या आईला मी चालेन का?”

“ओरडतेस छान,” पार्लिन गंभीरपणे म्हणाला. “तिला घरचीच वाटशील.”

बाहेर बसनं शेवटचा हॉर्न दिला आणि ती त्याच्याशिवाय निघून गेली. दोघांनी वळूनही पाहिलं नाही. वेनिंग इतकी हसत होती की तिला श्वास घेण्यासाठी भिंतीला टेकावं लागलं.