तळ्यानं ठेवून घेतलेली किल्ली

ख्रिसमस संपला की आमच्या गावातली झाडं कचऱ्यात जात नाहीत.

—

पितळेची कोरी किल्ली जिभेवर ठेवली तर रक्तासारखी लागते. नऊ वर्षांची असताना वडिलांच्या दुकानात मी ठेवून बघितली होती.

—

१९७४ च्या मार्चमध्ये एक माणूस बर्फातून छातीपर्यंत खाली गेला. माणूस वर आला. त्याचा कोट वर आला नाही.

—

बर्फावरून गाडी नेताना पट्टा लावायचा नाही. काचा खाली. दारं अर्धी उघडी.

—

नॅश गाडीच्या सीटमधला कापूस उंदरांना फार आवडतो.

—

"चोरी चाललीय का?" मी विचारलं.

शेडमधला माणूस दचकला. हातातली तार गाडीच्या दारात तशीच अडकून राहिली, आणि तो वळला. कानटोपी वाकडी, गालावर ग्रीसचा पट्टा... आणि डोळे असे, की मी पुढचं वाक्य विसरले.

"माझीच गाडी आहे," तो म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात."

"तुम्ही कोण?"

"कुलूप बदलायला आलेय. त्या घराचं." मी शेडमागच्या लाकडी घराकडे बोट केलं. तळ्यातलं केटल बेट पक्ष्यांच्या अभयारण्यासाठी विकलं गेलं होतं. सोमवारपासून ताबा नव्या मंडळींचा, आणि बेटावर जे उरेल तेही त्यांचं.

"म्हणजे तुम्ही आम्हाला बाहेर काढायला आलात."

"आणि तुम्ही आत घुसायला. बरं जमेल आपलं."

तो हसला नाही. हसला असता तर मी कदाचित कुलूप बदलून सरळ निघून गेले असते.

त्याचं नाव निल्स हॅल्वरसन. गाडी त्याच्या वडिलांची — १९५० ची नॅश, हिरवी, पालथ्या घातलेल्या टबासारखी गुबगुबीत. बावीस वर्षांपूर्वी वडील ती बर्फावरून इथं घेऊन आले, एक दिवस जास्त राहिले, आणि बर्फ गाडी पेलेनासा झाला. परत चालत जाताना ते तळ्यात पडले. कोटाच्या खिशात किल्ल्या होत्या. तेव्हापासून गावात कुणी काही हरवलं की लोक म्हणतात, हॅल्वरसनला विचार, तळ्याला विचारून सांगेल. त्या माणसानं पुन्हा बर्फावर पाऊल टाकलेलं नाही.

"दर हिवाळ्यात म्हणायचे, पुढच्या वर्षी आणू," निल्स म्हणाला. "आता पुढचं वर्षच नाही. उन्हाळ्यात इथं गाडी नेणारी बोट येत नाही. हे लोक तिला कापून भंगारात देतील."

"मग काच फोडा ना."

"बाबा म्हणाले, फोडून आणायची असेल तर राहू दे तिथंच. मी ती नीट बंद करून आलो होतो, म्हणाले."

मी घड्याळ बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं. मला इथं सोडताना अर्नीकाका काय म्हणाले होते ते मी त्याला सांगितलं. अर्नीकाका म्हणजे गोठलेल्या तळ्यावरून जाणाऱ्या आमच्या बर्फाच्या रस्त्याचे राखणदार. जानेवारीत ते गावभरची ख्रिसमसची झाडं गोळा करतात आणि बेटापर्यंत दोन्ही बाजूंनी बर्फात रोवतात. झाडं उभी आहेत तोवर रस्ता चालू.

"दक्षिणेचा वारा सुटलाय," ते म्हणाले होते. "तीनला झाडं उपटणार. तीन म्हणजे तीन, सिल्वी. तू पाच मिनिटं उशिरा आलीस तर पोहत ये."

निल्सचा चेहरा पडला. इंजिनाचं काम त्यानं गेले दोन रविवार येऊन केलं होतं. बॉनेट खालून तार घालून उघडलं, सिलिंडरमध्ये तेल सोडलं, नवी बॅटरी आणली, चाकांत हवा भरली. दाराचं काय, तार घातली की उघडेल, असं धरून चालला होता. दोन तास झाले, दार ढिम्म.

मी हातमोजे काढले.

"सरका," मी म्हणाले. "आणि ती तार फेकून द्या. बघवत नाही."

—

कोरी, दाते न पाडलेली किल्ली कुलपात घालायची. पकडीत धरून जोरानं पिळायची — फार जोरानं नाही. बाहेर काढायची. कुलपाच्या आतल्या पिना पितळेवर सुईच्या टोकाएवढ्या खुणा सोडतात. खूण दिसेल तिथं कानस, दोन हात, जास्त नाही. पुन्हा आत. पुन्हा पीळ. कुलूप स्वतःच सांगत असतं त्याला काय हवंय. फक्त फार हळू आवाजात सांगतं.

"टॉर्च इथं धरा. तिरपी. अजून तिरपी."

तो जवळ आला. माझ्या खांद्याशी त्याची बाही. किल्लीवर धुकं पसरलं.

"श्वास रोखा."

"काय?"

"तुमच्या श्वासानं पितळ धुरकटतंय. खूण दिसत नाही मला."

त्यानं श्वास रोखला. शेड इतकी शांत झाली, की छपरावरून गळणारं पाणी ऐकू येऊ लागलं. टप... टप... बर्फ वितळत होता. दोघांनीही ते ऐकलं.

एक खूण. कानस. आत. पीळ.

"घेऊ का श्वास?"

"थोडा. तिकडे तोंड करून."

साडेबाराला चौथी खूण दिसली, आणि मी घाईनं जरा जास्त पिळलं. कट्. अर्धी किल्ली माझ्या हातात, अर्धी दारात.

मी शिवी दिली. वडिलांच्या दुकानात शिकलेली, सगळ्यात जुनी.

"हा शब्द मला नवीन आहे," निल्स म्हणाला.

"तू गप्प बस जरा!"

माझी बोटं गारठून लाकडं झाली होती. त्यानं न विचारता माझा हात घेतला, दोन्ही तळव्यांत धरला आणि त्यावर फुंकर घातली. लांब, गरम. मघापासून रोखून ठेवलेले सगळे श्वास जणू एकदम...

"आता चालेल ना?" तो म्हणाला. "हे पितळ नाही."

मी हात काढून घेतला. लगेच नाही.

तुटका तुकडा काढायला वीस मिनिटं गेली. माझ्याकडे आता एकच कोरी किल्ली होती. पहिल्या चार खुणा तुकड्यावरून उतरवल्या, पाचवी पुन्हा कुलपाला विचारली. दीड वाजता किल्ली फिरली. पिळावी लागली नाही, आपणहून फिरली. कुणी झोपेत कूस बदलावी तशी.

दार उघडलं आणि बावीस वर्षांची हवा बाहेर आली. उंदीर, तंबाखू, ओली लोकर. मागच्या सीटवर पुरुषी हातमोज्यांचा एकच जोड नीट ठेवलेला.

"ही सीट पूर्ण आडवी होते," निल्स म्हणाला. "पलंगासारखी. नॅशची खासियत."

"ही माहिती मला आत्ता का देतोयस?"

त्याचे कान लाल झाले. थंडीनं असतील.

—

मी चालकाच्या जागी बसले आणि किल्ली फिरवली. काहीच नाही.

"हिला अशी नाही चालू करत," तो खिडकीतून वाकला. "गिअरचा दांडा आपल्याकडे उचलायचा. बाबांनी शिकवलंय."

मी दांडा उचलला. इंजिन कण्हलं, फिरलं, फिरत राहिलं... पेटेना. दोन वाजून दहा. त्यानं बॉनेटखाली डोकं घातलं. ठिणगी येत नव्हती. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर गंज चढला होता, आणि त्याच्याकडचा घासायचा काचकागद फार जाड.

मी माझी कानस पुढे केली. वडिलांची कानस, ती मी कुणाला देत नाही.

"दोन हात," मी म्हणाले. "जास्त नाही."

"श्वास रोखू?"

"रोख."

तीनला सात मिनिटं असताना नॅश पेटली. शेडभर निळा धूर, खिळखिळं होईल असा आवाज, आणि धुरात खोकत, नाचत असलेला निल्स. ब्रेक नव्हतेच. पायाखाली पॅडल सरळ जमिनीला लागत होतं.

"मी चालवते," मी म्हणाले. "मी हलकी आहे. तू ऐंशी किलोचा तरी असशील."

"आणि क्लच? तो दाबलास तरी सुटत नाही, मीच त्याच्याशी बोलू शकतो. तू पुढे चाल. पहार घेऊन."

"आणि गाडी खाली गेली तर? पोहता येतं तुला?"

"सिल्वी. मी तळ्याकाठी वाढलोय."

माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं, आणि मी त्याच्या उत्तराकडे लक्ष द्यायचं विसरले.

शेडमध्ये दोर होता. एक टोक मी माझ्या कमरेला बांधलं. दुसरं खिडकीतून त्याच्या हातात दिलं. "बांध. घट्ट. माझ्यासमोर."

त्यानं माझ्यासमोर बांधलं.

—

मी तीस पावलं पुढे. तो मागे, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं. वेगात गेलं तर बर्फाखाली लाट उठते आणि काठाशी बर्फ फोडते. थांबलं तर गाडीचं वजन एकाच जागी बसतं. म्हणजे हळू जायचं, पण थांबायचं नाही. दर दहा पावलांवर मी रस्त्याच्या कडेला पहार मारत होते. किती घावांनी पाणी येतं ते मोजायचं. चार झेपतात. तीनही, बेतानं.

"चार!" मी ओरडले.

बर्फावर बोटभर पाणी साचलं होतं. बूट त्यात चबचब वाजत होते.

"चार!"

"सिल्वी!"

"काय?"

"सोमवारी काय करतेयस?"

"दुकान उघडणार! — चार! — का?"

"मला एक कुलूप बदलायचंय!"

"कुठलं?"

"अजून ठरवलं नाही!"

मी हसले आणि पहार मारली, आणि हसू थांबलं.

"तीन!"

मागे इंजिन तेवढं खोकत होतं. दूर कुठंतरी बर्फ लांबलचक कण्हला, तार ताणल्यासारखा.

"तीन!"

मी मान वर केली. पुढे झाडं नव्हती.

तीन वाजून गेले होते, आणि अर्नीकाकांनी गावाच्या बाजूनं झाडं उपटायला सुरुवात केली होती. शेवटचा अर्धा किलोमीटर नुसता करडा, सपाट, ओला. रस्ता कुठला आणि तळं कुठलं, सगळं एकच. मी उभी राहिले. थांबायचं नसतं हे माहीत असूनही उभी राहिले.

"सिल्वी, चाल!" मागून आवाज. "कुठंही चाल, पण चाल!"

मग त्या करड्यात एक झाड दिसलं. ते हलत होतं. अर्नीकाका, दोन्ही हातांनी एक सुकलेलं ख्रिसमसचं झाड छातीशी धरून, धापा टाकत आमच्याकडे येत होते. थांबले. झाड डोक्यावर उचलून धरलं.

"इकडं!" ते ओरडले. "डावीकडं, मूर्खांनो! उजवीकडं खाली झरा आहे, बर्फ पातळ!"

मी डावीकडे वळले. पहार मारली.

"दोन."

मी ओरडले नाही, तसं नुसतं म्हटलं. तरी त्यानं ऐकलं असावं, कारण इंजिनाचा आवाज जराही बदलला नाही. त्यानं वेग वाढवला नाही. मला ओलांडून काठाकडे धाव घेतली नाही. माझ्या तीस पावलं मागे, माझ्या चालीनं, तो येत राहिला.

काठाशी पाण्याची वीतभर फट पडली होती, आणि पलीकडे एक म्हातारा उभा होता. उंच, डोक्यावर टोपी नाही, काखेत लांब फळ्या. बर्फाच्या कडेशी येऊन तो थबकला. बूट उचलला. परत ठेवला. मग पुन्हा उचलला, बर्फावर टाकला, आणि गुडघे टेकून फळ्या फटीवर आडव्या मांडू लागला — पहिली, दुसरी, आणि शिव्या देत तिसरी.

"ही तर हिरवीच आहे अजून!" तो ओरडला.

नॅश फळ्यांवरून काठ चढली, चिखलात रुतली आणि बंद पडली. मागे बर्फ फाटला. बंदुकीच्या बारासारखा आवाज. आम्ही कुणी वळून बघितलं नाही.

मी दोर ओढून घेऊ लागले. तो सहज येत गेला, खिडकीतून, हलका. टोक हातात आलं. त्याला गाठ नव्हती.

"कधी सोडलास?"

निल्स गाडीतून उतरत होता. "तू वळलीस तेव्हाच."

"निघायच्या आधी?"

"गाडी गेली असती तर तुलाही..."

मी त्याच्या छातीवर बुक्की मारली.

"एक," तो म्हणाला.

मी दुसरी मारली.

"दोन."

तिसरीला पाणी आलं. माझ्या डोळ्यांत. त्यानं माझी मूठ धरली, उघडली, आणि तीत नॅशची किल्ली ठेवली. ती त्याच्या हाताइतकीच गरम होती.

"ही तुझ्याकडे राहू दे," तो म्हणाला. "मला हवी असेल तेव्हा... मी येईन. मागायला. रोज आलो तर चालेल?"

"रोज? दुकानात गिऱ्हाइकं असतात."

"मी तिकडे तोंड करून श्वास घेईन."

त्याचे वडील गाडीभोवती फेरी मारून आले. माझ्या तळहातावरची किल्ली त्यांनी चष्मा सारून पाहिली, आणि मान हलवली.

"ही माझी नाही. माझी तळ्याकडे आहे." मग आमच्या हातांकडे पाहून म्हणाले, "पोरी, हिच्यासारखीच अजून एक बनव. नाहीतर हा तुझ्या दारातून हलायचा नाही."

मी बनवली नाही.

निल्सला पोहता येत नाही.