आधीची लग्नं: एक

मार्लीची आणि वेस्लीची गाठ पडली ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नोंदणी कचेरीत, गाडीच्या नंबरप्लेटसाठी लागलेल्या रांगेत. बाहेर ऑक्टोबरचा पाऊस झोडपत होता. तिच्या पर्समधलं पेन ऐन वेळी रुसलं, आणि मागच्या लाल कानांच्या उंच माणसाने आपलं पुढे केलं.

"परत द्यायचं असतं बरं का," तो म्हणाला.

"देईन की. कुठे राहता?"

"पेन द्यायला घरी येणार?"

"किती लांब आहे ते कळलं, की ठरवते..."

त्या लांबचं जवळ व्हायला चौदा महिने लागले. आज ती दोघं पुन्हा त्याच कचेरीत उभी होती, कारण केंटकीतल्या या डोंगराळ काउंटीत गाडी, जमीन आणि लग्न, तिन्हींचं काम एकाच काउंटरवर होतं. शुक्रवार होता, तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. चारला कचेरी बंद होणार होती आणि उद्या अकरा वाजता चर्चमध्ये लग्न होतं. इथला लग्नाचा परवाना नसेल तर पाद्री एक शब्दही उच्चारणार नव्हते.

मार्लीच्या मनात मात्र दुपारपासून एकच वाक्य घोळत होतं. ती काम करत होती त्या जनावरांच्या दवाखान्यात एका कुत्र्याला बँडेज बांधताना सोबतची मुलगी सहज म्हणाली होती, "तिथे सगळं विचारतात हं. आधीचं लग्नसुद्धा. शपथेवर."

आणि मार्लीचं आधी एक लग्न झालेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी, डोंगरापलीकडे टेनेसीत, डॅरेल नावाच्या मुलाशी. साडेचार महिन्यांत ते मोडलंही. आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. वेस्लीला पहिल्याच महिन्यात सांगायचं तिने ठरवलंही होतं. पण त्याच आठवड्यात तो बोलून गेला होता, "माझ्या बाबांनी चार लग्नं केली. प्रत्येक वेळी मी नवे बूट घालून फोटोत उभा. आधी लग्न मोडलेल्या माणसावर माझा विश्वासच बसत नाही, मार्ली." तेव्हा तिने जीभ आवरली. मग आवरतच राहिली. येताना गाडीतही तिने तोंड उघडलं होतं आणि शेवटी विचारलं काय, तर पेट्रोल भरायचंय का.

"अरे वा, वेस्ली स्टॅम्पर," काउंटरपलीकडून मिस ओपल म्हणाल्या. तीस वर्षं त्यांनी याच खुर्चीत काढली होती. "शेवटी कुणीतरी तुला हो म्हणालं म्हणायचं."

"मीही बुचकळ्यात पडलोय, मिस ओपल."

"पोरी, जबरदस्ती तर नाही ना केली याने?"

मार्ली हसली. मिस ओपल एकेक प्रश्न मोठ्याने विचारून उत्तरं टाइप करू लागल्या. आधी वेस्लीचा नंबर लागला. जन्म कुठला, काम काय, आईवडिलांची नावं. विजेच्या खांबांवर चढतो हे सांगताना त्याने नेहमीसारखी छाती पुढे काढली. आधीची लग्नं? "एकही नाही." काउंटरखाली त्याचा अंगठा तिच्या मनगटावरून हलकेच फिरत होता... आणि तिला तो सोडवेना, धरवेनाही.

मग तिची पाळी आली. नाव. जन्मतारीख. आईचं माहेरचं नाव.

"आधीची लग्नं?"

नाही म्हणाली असती तर कुणी पुरावा मागणार नव्हतं. तो एक शब्द ओठांपर्यंत आलाही. उद्या सगळं सुरळीत झालं असतं, आणि मग रोज सकाळी त्याच्यासमोर कॉफी ठेवताना तिला तो शब्द आठवला असता.

"एक," मार्ली म्हणाली.

मिस ओपलची बोटं थांबली. वेस्लीचा अंगठाही थांबला. त्याने हात काढून घेतला, तिच्याकडे न बघता वळला, आणि बाजूच्या नोंदवह्यांच्या खोलीत निघून गेला. दार लागलं.

"जाऊ का मागे?" तिने कसंबसं विचारलं.

"नको. त्याला जरा एकटं राहू दे. तू बस."

ती बाकावर बसली. घड्याळात पावणेचार. चर्चच्या स्वयंपाकघरात त्याच्या मावशा आत्ता हॅम कापत असतील... त्यांना कोण सांगणार? आणि ते सगळं गेलं खड्ड्यात, पण हा उद्या सकाळी आपल्या आयुष्यात नसला तर? या विचाराने तिला भडभडून रडूच आलं.

चारला पाच कमी असताना दार उघडलं. वेस्ली तिच्याशेजारी येऊन बसला, मध्ये एक हात अंतर ठेवून.

"बाबांच्या लग्नांच्या चारही नोंदी बघून आलो," तो म्हणाला. "चौथ्या वेळी आधीची लग्नं किती लिहिलीत ठाऊक आहे? एक."

"तीन हवी होती," ती म्हणाली.

"इतकी वर्षं वाटायचं, मला राग लग्नं मोडल्याचा आहे. तो खोटं बोलण्याचा होता." त्याने डोळे चोळले. "तुझाही आलाय. चौदा महिने, मार्ली. कितीदा तरी आपण दोघंच होतो, तेव्हा नाही, आणि इथे मिस ओपलसमोर."

"तू जाशील याची भीती वाटली."

"मग आज का सांगितलंस?"

"शपथेवर खोटं बोलून तुझ्याशी लग्न नव्हतं करायचं. त्यापेक्षा... न झालेलं परवडलं असतं."

तो तिच्याकडे वळला. "कोण होता, नाव काय त्याचं? सगळं सांग. काही गाळू नकोस."

"कचेरी बंद होईल."

"माझं घड्याळ मागे आहे," मिस ओपल म्हणाल्या आणि त्यांनी उठून पुढच्या दाराला आतून कडी लावली.

तिने सांगितलं. कसं झालं, कसं मोडलं, ती कुठे चुकली तेही. तो मध्ये बोलला नाही. सांगून झालं तेव्हा सवाचार वाजले होते आणि दोघांमधलं हातभर अंतर कधी गेलं ते तिला कळलं नव्हतं.

"आणखी काही राहिलंय?"

"तुझ्या आईचं केळ्याचं पुडिंग मला मुळीच आवडत नाही."

"हे मात्र मरेपर्यंत पोटात ठेव." तो उठला. काउंटरवर दोघांनी उजवे हात वर केले, शपथ घेतली. मिस ओपलनी कागद पुढे सरकवला. वेस्लीने पेन उचललं, पण ते कागदाला टेकेना. चाळीस फुटी खांबावर वादळात चढणारा माणूस, आणि एका सहीपाशी अडला होता.

"मी घाबरलोय, मार्ली," तो हळूच म्हणाला. "बाबांसारखा निघालो तर..."

"मीही घाबरलेय."

"मग कागद घट्ट धर."

तिने कागद दोन्ही हातांनी दाबून धरला, आणि त्याने सही केली.