थोरलीने दिवा मागितला

घड्याळबाई त्या दिवशी केंद्रावर गेल्या त्या फक्त आपलं कपाट रिकामं करायला. एक शाल, थर्मास आणि पाठीला लावायची उशी, एवढीच चीजवस्तू राहिली होती. तेहतीस वर्षं त्या खोलीत बसून त्यांनी दूरच्या यानांचे संदेश टिपले होते. कुठल्या यानाला निरोप पोचायला किती तास लागतील हे त्या कागद न घेता सांगत, म्हणून हे नाव पडलं. आता केंद्र बंद होत होतं. आवारातली भलीमोठी तबकडी, म्हणजे संदेश झेलणारी अँटेना, त्याच दिवशी कापायची होती; छतावरची लहान नंतर काढायची होती. मोठी तबकडी वाचावी म्हणून बाईंनी वर्षभर अर्जांवर अर्ज केले, मोठमोठ्या साहेबांशी भांडण काढलं, फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या. कुणी दाद दिली नाही.

सकाळचे दहा वाजून गेले तरी धुकं हटलं नव्हतं. तबकडीचा वरचा काठ त्यात बुडाला होता. पायथ्याशी फिटर गॅसकटरची नळी उलगडत बसला होता.

"बाई, तुम्ही आत आहात तोवर हात लावत नाही. तुम्हाला बघवायचं नाही," तो म्हणाला.

"बघवेल. न बघवायला काय झालंय!" बाई फटकन म्हणाल्या आणि आत गेल्या.

खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. यंत्रं दुपारी बंद करायची होती, तोवर चालूच होती. स्पीकरमधून आकाशाची नेहमीची खरखर येत होती. बाईंनी शाल काढली, घडी घातली, आणि हात तसाच राहिला. खरखरीच्या तळाशी एक बारीक सूर होता. पडद्यावर उभी रेघ होती, केसासारखी.

तो सूर त्यांनी झोपेतही ओळखला असता. यानं दोन होती. धाकटी एका ग्रहावर उतरताना जळून गेली. थोरली पुढे जात राहिली आणि एकोणीस वर्षांपूर्वी गप्प झाली. बॅटरी संपली, अशी नोंद करून सगळ्यांनी हात झटकले होते. बाईंनी मात्र नंतरची कितीतरी वर्षं घरी जाताना तिच्या दिशेला एकदा मान वर केल्याशिवाय पाऊल उचललं नव्हतं.

केंद्राचे साहेब धावत आले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"बाई, ही तर..."

"तीच. आता बघते कोण तबकडी कापतंय ते."

मुख्यालयाला फोन गेला. तिथून सांगितलं, तिची तब्येत विचारा. अकरा वाजून दहा मिनिटांनी बाईंनी प्रश्न पाठवला. "जायला चौदा तास, यायला चौदा," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी उत्तर." थर्मासमधला चहा त्यांनी साहेबांना दिला. कित्येक महिन्यांनी त्यांना हसू येत होतं.

उत्तर आलं बारा वाजायला दहा मिनिटं असताना. चाळीस मिनिटांत.

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग साहेब ओढूनताणून हसले. "कुणीतरी चेष्टा करतंय आपली. जवळच बसून."

बाईंनी तबकडी दोन अंशांनी बाजूला वळवली. सूर गेला. पुन्हा जागेवर आणली. सूर आला. म्हणजे आवाज वरूनच येत होता, थोरली जिथे असायला हवी त्याच दिशेने.

मग त्यांनी उत्तर वाचलं. सगळं थोरलीच्याच पद्धतीने लिहिलेलं होतं, आकडे तिच्याच क्रमाने. फक्त तापमानाच्या जागी शून्याखाली दोनशेच्या आसपास आकडा असायचा, तिथे सदतीस होतं.

"सदतीस..." साहेब म्हणाले. "हे तर माणसाच्या अंगाचं..."

"गप्प बसा जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्यांदा प्रश्न पाठवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बसल्या. सव्वीस मिनिटं. तिसऱ्यांदा पाठवला. अकरा.

बाहेर कबुतरांचा घुमण्याचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते कळलं नव्हतं. फिटरने खिडकीवर टकटक केली. "बाई, तबकडी थरथरतेय. मोटार चालू आहे का?" मोटार बंद होती.

तिसऱ्या उत्तराच्या शेवटी एकच शब्द होता: दिवा.

तो शब्द थोरलीचाच होता. तिला पृथ्वीची दिशा सापडेनाशी झाली की ती दिवा मागायची. मग केंद्रातून तिच्या रोखाने एकसारखी रेडिओलहर सोडत राहावं लागे, आणि ती त्या लहरीकडे तोंड वळवायची. शेकडो वेळा बाईंनी तिच्यासाठी दिवा लावला होता, तापाने फणफणत असतानासुद्धा.

मुख्यालय फोनवरच होतं. "लावा! वाट कसली बघताय?"

साहेबांनी ट्रान्समीटरकडे हात नेला. बाई खुर्ची ओढून मध्ये बसल्या.

"साहेब, जरा विचार करा. थोरलीपासून इथवर यायला उजेडालाच चौदा तास लागतात. अकरा मिनिटांत जे उत्तर देतं ते तिच्या जागेवर नाही. ते निघालंय. दर खेपेला जवळ येतंय. आणि पुढची वाट सापडत नाही, म्हणून दिवा मागतंय."

"पण आवाज तर तिचा आहे..."

"तिचाच आहे. तिच्याकडून घेतलाय."

"बाई, हा वरून आलेला हुकूम आहे."

"मग काढून टाका मला कामावरून. तसाही शेवटचाच दिवस आहे."

त्यांनी कळफलक पुढे ओढला. अनोळखी संदेशाला द्यायचं एक ठरलेलं उत्तर असे. आजवर कधी वापरायची पाळी आली नव्हती. बाईंनी ते टाइप केलं: ओळख पटली नाही. आणि खाली, नियमात नसलेलं, स्वतःचं एक वाक्य: तू थोरली नाहीस.

दोन मिनिटं. मग रेघ जाड होत गेली, पडदाभर झाली. दिवा. दिवा. दिवा. स्पीकरमधला सूर आता बारीक राहिला नव्हता. साहेब भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या कपातला चहा सांडत होता.

बाईंनी ट्रान्समीटरची किल्ली काढून मुठीत घेतली आणि बाहेर आल्या. धुक्यात तबकडी घुमत होती, रिकाम्या हंड्यात कुणी तोंड घालून बोलावं तशी.

"काप," त्या फिटरला म्हणाल्या.

"बाई, तुम्हीच तर..."

"आधी केबल, मग बाकीचं. काप म्हणते ना!"

निळी ज्योत पेटली. बाई तिथेच उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. केबल तुटून खाली पडली आणि घुमणं थांबलं.

तेवढ्यात साहेब दारात आले. "मुख्यालयाने पलीकडच्या केंद्राला सांगितलंय... भाऊंना... दिवा लावायला."

भाऊ म्हणजे दुसऱ्या गोलार्धातल्या केंद्रावरचे ऑपरेटर. बावीस वर्षं बाई त्यांच्याशी फोनवर बोलत आल्या होत्या. भेट कधी झाली नव्हती, पण दोघं एकमेकांना सख्ख्या भावंडांसारखी ओळखत. बाई आत धावल्या. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"भाऊ, ऐका..."

"लावला. दहा मिनिटं झाली," भाऊ म्हणाले. आवाज त्यांचाच होता.

तुम्ही बरे आहात ना, असं बाईंना विचारायचं होतं. तोंड उघडायच्या आत पलीकडून आलं, "मी बरा आहे."

चाळीस, सव्वीस, अकरा, दोन... आणि आता प्रश्नाच्याही आधी. खोलीत तुमच्याबरोबर कोण आहे? हा प्रश्न नुसता मनात आला होता.

"कुणी नाही," भाऊ म्हणाले. "आता कुणीच नाही. तुमच्या छतावरची लहान तबकडी अजून शाबूत आहे. किल्ली तुमच्या मुठीत आहे. दिवा लावा... नाही म्हणू नका."

बाई अजून काहीच म्हणाल्या नव्हत्या.

त्यांनी श्वास घेतला. "नाही," त्या म्हणाल्या, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

फोन त्यांनी ठेवला नाही. आधी कोण ठेवतंय ते त्यांना पाहायचं होतं. धुकं विरलं, फिटर सामान आवरून गेला, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज नव्हता. आणि फोनही कुणी ठेवला नव्हता.